तारीखताई आणि सेहेचाळीस पानांचा मसुदा

आमच्या नगरपालिकेच्या नाट्यगृहात बुकिंगच्या खिडकीमागे एक बाई एकतीस वर्षं बसल्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, आम्ही ते कधी वापरलं नाही. नाटकवाले, गाणारे, वाजवणारे, नाच शिकवणारे, चित्रांची प्रदर्शनं लावणारे अशा सगळ्यांना तारीख हवी असायची आणि ती त्यांच्या हातात असायची. म्हणून त्या तारीखताई.

ती खिडकी कोणी बांधली देव जाणे, पण इतकी खाली होती की मोठ्यातल्या मोठ्या नटालाही कमरेत वाकून बोलावं लागे. आमच्या शहरातले कलाकार फार नम्र आहेत असं बाहेरचे लोक म्हणतात. ती नम्रता नव्हे, ती त्या खिडकीची उंची.

मी वाद्यं दुरुस्त करतो. व्हायोलिनची घोडी, गिटारच्या खुंट्या, पियानोचे हातोडे, अ‍ॅकॉर्डियनचा फाटलेला भाता, असलं सगळं. दुकान उघडलं तेव्हा तीन आठवडे माशी फिरकली नव्हती. चौथ्या आठवड्यात एक व्हायोलिनवाले आले आणि म्हणाले, "खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, इथे एक नवा माणूस बसलाय, हाताला हलका आहे." मी ताईंना तोवर एकदाच भेटलो होतो, तेही नाट्यगृहातल्या पियानोची पट्टी अडकली होती म्हणून. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. पुढे त्यांनी माझ्यासाठी आणि आम्हा सगळ्यांसाठी जे केलं, ते कोणीतरी लिहून ठेवायला हवं. ते मी लिहितोय, कारण बाकीचे माझ्यापेक्षा चांगलं लिहितात आणि म्हणून उद्यावर टाकतात.

ताईंची नोंदवही मोठी, कापडी पाठीची. तिच्यात त्या पेन्सिलीने लिहायच्या. "पेनने लिहिलं की माणूस अडकतो," म्हणायच्या. कोणाला कोणती तारीख हवी होती, कोणाची का रद्द झाली, कोण कोणाच्या तारखेवर डोळा ठेवून आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं आणि त्यातला एक शब्द खिडकीबाहेर जात नसे. दोन संस्था एकमेकींना पाण्यात पाहत असल्या तरी दोन्हीकडची माणसं ताईंशी मात्र मोकळी.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊला त्या नेहमीसारख्या आवरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. यजमान त्यांचे बसचालक होते, तेही आधीच निवृत्त झालेले. त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि वाकून विचारलं, "बाई, शनिवार रिकामा आहे का?" घरात तिसरी व्यक्ती म्हणजे ताईंची नणंद. सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली, लग्न न केलेली, आणि कोणत्याही छापील कागदावरच्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्याशिवाय तो रद्दीत न टाकणारी. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, "वहिनी, अशी बसलीस तर सहा महिन्यांत तुझं लोणचं होईल. काहीतरी वाचत जा."

ताई वाचत होत्याच. नोकरीत नगरपालिकेच्या जाहीर सूचना वाचायची सवय लागली होती, ती सुटली नव्हती. अशाच एका सकाळी वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या आणि पाणी बंद राहण्याच्या सूचनेच्या मधोमध, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत त्यांना एक मजकूर दिसला. शहर आणि आसपासची बत्तीस गावं यांच्यासाठी दहा वर्षांचं सांस्कृतिक धोरण ठरत होतं. मसुदा कार्यालयात पाहायला मिळेल. सूचना व हरकती तीस दिवसांत.

दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या कारकुनाने कपाट उघडलं, झटकलं, शोधलं. "ताई, हा मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला आणि स्वतःच खाली जाऊन त्यांना नक्कल काढून आणून दिली.

दोन दिवस त्यांनी पेन्सिल घेऊन तो वाचला. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आल्या आणि कामाच्या टेबलावर, डिंकाच्या बाटलीशेजारी, तो गठ्ठा ठेवला.

"वाच."

"काय आहे हे?"

"आपली पुढची दहा वर्षं आहेत. सेहेचाळीस पानं. 'कारंजं' हा शब्द एकोणीस वेळा आलाय. 'कलाकार' चार वेळा. त्यातही दोनदा, 'कलाकारांचा सत्कार करण्यात येईल.'"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, म्हणून मग मी वाचायला घेतलं. चौकातल्या कारंज्याला रंगीत दिवे. वर्षातून एकदा पाच दिवसांचा महोत्सव, बाहेरच्या पाहुण्यांचा. नाट्यगृह शनिवार-रविवार सोडून विक्री-प्रदर्शनांसाठी ठेकेदाराकडे. रस्त्यावर काही सादर करायचं असेल तर तीन वेगवेगळ्या कार्यालयांची परवानगी. तालमीच्या जागेबद्दल चकार शब्द नाही. बत्तीस गावांचा उल्लेख पहिल्या पानावर होता, नंतर ती गावं जणू वाहून गेली होती.

"पण ताई, आपण काय करणार? आपल्याला कोण विचारतंय?"

"विचारलंय की. सातव्या पानावर. चार दिवस गेले, सव्वीस उरले."

आता इथे एक कबूल करतो. मी तोवर दुकानाच्या उंबऱ्यापलीकडचं काही माझं मानत नव्हतो. समोर येईल ते वाद्य नीट करायचं आणि द्यायचं. ते कुठे वाजतं, वाजायला जागा आहे का, हे कधी मनात आलं नव्हतं. ताईंनी ते मनात घातलं आणि ते अजून गेलेलं नाही.

त्यांनी सगळ्यांना निरोप दिले. मसुदा हातोहात फिरला, लोक चिडले, लिहायला बसले. बारा दिवसांत अठरा पत्रं नगरपालिकेत पोचली. ताई खूश होत्या. मग सांस्कृतिक अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मीही बरोबर गेलो.

साहेब पन्नाशीचे, सर्दीने बेजार. त्यांनी अठरा पत्रं टेबलावर पत्ते मांडावेत तशी मांडली. छायाचित्रकारांना नाट्यगृहाचं दालन प्रदर्शनासाठी हवं होतं. नृत्यवर्गांना त्याच दालनात आरसे हवे होते. संगीतवाल्यांचं म्हणणं, ते दालन बंदच करा, तिथला गोंगाट आत येतो. जुन्या नाट्यसंस्थेला शनिवार वीस वर्षांहून जुन्या संस्थांसाठी राखून हवे होते, आणि नव्या संस्थेला वीस वर्षांहून नव्या संस्थांसाठी.

"ताई, मी वाईट माणूस नाही," साहेब नाक पुसत म्हणाले. "मला मदत करायची आहे. पण ही पत्रं अठरा दिशांना ओढतात. तुमच्यातच एकमत नाही, तर मी वर काय सांगू? कारंज्याला मात्र कोणाचीच हरकत नाही. म्हणून कारंजं राहतं."

परत येताना ताई झपाझप पुढे चालत होत्या. दुकानात येऊन चेलोच्या रिकाम्या पेटीवर बसल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या. "मी निरोप पोचवले. माणसं जोडली नाहीत. तुझं दुकान दे मला रविवारी."

"दुकान? नाट्यगृहाची तालमीची खोली—"

"तिथे बोलावलं तर विचारतील कोणी घेतली. एकाच्या जागेत दुसरा येणार नाही. तुझ्याकडे सगळ्यांचीच मोडकी वाद्यं पडलेली आहेत. इथे सगळे येतील."

चाळीस माणसं आली. खुर्च्या पाच. बाकीचे वाद्यांच्या पेट्यांवर, खोक्यांवर, दोघं पियानोच्या बाकावर. आणि त्यात ज्यांना एका छपराखाली कोणी बोलावत नसे ते दोघंही: मास्तर आणि धाकटे मास्तर.

मास्तर म्हणजे जुन्या नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक. धाकटे त्यांचे शिष्य. अकरा वर्षांपूर्वी एका प्रयोगाच्या ऐन तोंडावर धाकटे सहा नटांना घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी नवी संस्था काढली. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. रस्त्यात समोर आले तर मास्तर पलीकडच्या दुकानातल्या पाट्या वाचायचे.

बैठक वीस मिनिटं टिकली. एकच पत्र, सगळ्यांच्या सह्या, एवढंच ताई म्हणाल्या होत्या.

मास्तर उभे राहिले. "रंगमंचावर कुठून यायचं हे ज्याला मी शिकवलं, त्याच्या सहीखाली माझी सही?"

"वर करा की," धाकटे म्हणाले. "मला खाली ठेवायची तुम्हाला सवयच आहे."

मग काय विचारता. मास्तर गेले, त्यांच्यामागे त्यांची माणसं. धाकटे गेले, त्यांच्यामागे त्यांची. संगीतवाल्यांनी छायाचित्रकारांना काहीतरी ऐकवलं, तेही गेले. उरले पाच जण आणि पाच खुर्च्या. मी हात टेकले. ताईंनी मात्र पेट्या उचलून जागेवर ठेवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धाकट्या मास्तरांच्या घरी गेल्या. कशासाठी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कळलं ते असं. सहा वर्षांपूर्वी मास्तरांच्या बायकोचं ऑपरेशन अचानक ठरलं, नेमकं प्रयोगाच्या दिवशी. मास्तर खिडकीशी आले, दुसरी तारीख मागितली. एकही शिल्लक नव्हती. पुढच्या महिन्यातला एक शनिवार होता, तो धाकट्यांचा. ताईंनी त्यांना फोन केला. त्यांनी पापणी लवायच्या आत तो देऊन टाकला, फक्त एक अट घातली: "मास्तरांना कळता कामा नये. कळलं तर घेणार नाहीत." ताईंनी खोडलं, नवं नाव लिहिलं आणि मास्तरांना सांगितलं, एक तारीख रिकामी झालीय. सहा वर्षं ते त्यांच्या पोटात होतं.

आता त्या विचारायला गेल्या होत्या, त्या शब्दातून मला सोडवतोस का? एकदा सांगू दे मला त्यांना.

धाकटे म्हणाले, "नाही ताई. तो शनिवार मी काही मिळवायला दिला नव्हता."

ताई उठल्या, पाणी प्यायल्या आणि परत आल्या. मला एवढंच म्हणाल्या, "तो नाही म्हणाला. बरोबर आहे त्याचं." आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसरी बाई असती तर सहज कोणाच्या तरी कानात सोडून दिलं असतं. काम झालं असतं, आणि शब्द मोडला असं कोणी म्हटलंही नसतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता बत्तीस गावं. शहर भांडतंय तोवर गावं करून घेऊ."

यजमानांनी कॅलेंडरचं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूवर मार्ग काढला. एकोणतीस वर्षं त्याच रस्त्यांवर बस चालवली होती त्यांनी. "आठ दहाची गाडी घे. तिसऱ्या गावी उतर, पाऊण तासाने दुसरी येते. चालक माझा चेला आहे, दोन मिनिटं थांबेल, तीन नाही थांबणार." नणंदबाई म्हणाल्या, "मीही येते. वहिनी एकटी गेली तर भलतंच शुद्धलेखन घेऊन येईल." दोन दिवस दुकानाला कुलूप लावून मीही गेलो.

काय काय पाहिलं त्या दिवसांत! घराच्या ओसरीवर लाकडी खेळणी कातणारा म्हातारा. कळसूत्री बाहुल्या नाचवणारं एक जोडपं, नवरा-बायको बोलत नव्हते पण त्यांच्या बाहुल्या बोलत होत्या. एका वस्तीवर बारा जणांचा बँड, त्यातली तीन वाद्यं माझ्या दुकानातून गेलेली. मी ती ओळखली आणि मला उगीचच गहिवरून आलं.

सगळ्यात शेवटी एक कुंभारीणबाई. पत्र्याच्या छपराखाली चाक, बाजूला तडकलेली भट्टी. चार गावांतल्या सात मुली तिच्याकडे शिकत होत्या, पण त्या भट्टीत निम्मा माल फुटायचा. चार गावांत मिळून एक चांगली भट्टी हवी, एवढंच तिचं मागणं. ताईंनी लिहायला घेतलं तर तिने हात वर केला.

"थांबा बाई. शहरातल्या नाचाच्या वर्गाला जमीन कसली आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"जमीन?"

"सिमेंटची. माझी नात जाते तिथे बसने, आठवड्यातून दोनदा. गुडघे सुजवून घेऊन येते. भट्टीचं मागाहून लिहा. आधी त्या पोरींना लाकडाची जमीन मिळू दे."

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या. तीन थांबे गेले. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "आपण प्रत्येकाला विचारलं, तुला काय हवं. तिथेच बिघडलं. तिला बघ, न विचारता शेजारणीचं सांगितलं."

नणंदबाई पुढच्या आसनावरून मागे न वळता म्हणाल्या, "वर्गातही तसंच असतं. स्वतःचं विचारलं की सगळे हात वर. शेजाऱ्याचं विचारलं की आधी शांतता, मग खरं उत्तर."

ताई पुन्हा दारोदार फिरल्या, आणि या खेपेला प्रश्न एकच होता: "तुझं काय ते मला पाठ आहे, एकतीस वर्षं ऐकलंय. दुसऱ्या कोणाचं काय अडलंय, ते सांग." लोक आधी गडबडायचे. मग बोलायचे, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली यायचा. मास्तरांकडे त्या पाऊणएक तास बसल्या. मास्तर हवापाण्याचंच बोलत राहिले, पण "रविवारी या" म्हटल्यावर "बघू" म्हणाले. मास्तरांच्या तोंडी "बघू" म्हणजे अर्धा होकार.

दुसऱ्या बैठकीला साठेक माणसं. नऊ जण गावांतून आलेले, त्यात ती कुंभारीणबाई. एकेक जण उठून दुसऱ्याची अडचण सांगू लागला. चित्रकाराने सांगितलं की बँडवाल्यांना सराव करू देईल अशी एक जागा नाही, सगळीकडून हाकलतात. बँडमास्तर म्हणाले, छायाचित्रकारांना बिचाऱ्यांना नुसती एक भिंत हवीय, आम्हाला तर भिंतीसुद्धा कंटाळतात. हशा पिकला. मग दाराशी बसलेले मास्तर उठले.

"मला याच्या संस्थेबद्दल बोलायचंय," त्यांनी धाकट्यांकडे न पाहता बोट केलं. "त्यांना तालमीला जागा नाही. गॅरेजमध्ये करतात. पत्रा तापतो, दोन मुलींना मागच्या महिन्यात चक्कर आली. मला कसं ठाऊक? मी दोनदा बाहेर उभा राहून ऐकलंय. तालीम चांगली चालली होती."

मास्तरांनी बोट खाली घेतलं.

"आणि एक राहिलंय. सहा वर्षांपूर्वीचा शनिवार."

ताई ताडकन उठल्या. "मास्तर, मी कोणाला काही—"

"तुम्ही नाही बोललात. वही बोलली. मी सही करायला वाकलो, तर खोडलेल्या जागी याच्या संस्थेचं नाव दिसत होतं. तुम्ही पेन्सिल फार दाबून लिहिता ताई." आता ते धाकट्यांकडे वळले. "तेव्हाच आभार मानायला हवे होते. जीभ उचलली नाही. आज मानतो."

धाकटे उभे राहिले होते, काय करावं ते न कळल्यासारखे. मग म्हणाले, "काकू बऱ्या आहेत ना आता?"

"चांगल्या टुणटुणीत आहेत. रोज तुझं नाव काढून मला टोचत असतात."

संगीतवाल्यांपैकी कोणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं आणि सगळ्यांना हसायला निमित्त मिळालं. मी टेबलामागे उभा होतो. माझ्या दुकानात हे घडलं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्यानंतर काम भराभर झालं. दालनाचं भांडण दहा मिनिटांत मिटलं: आरसे सरकत्या पडद्यामागे, छायाचित्रं पडद्यावर, आणि प्रयोगाच्या वेळी दार बंद. पत्र नणंदबाईंनी लिहिलं, दोन पानांचं. कोणी "सर्वांगीण सांस्कृतिक विकासाच्या दृष्टिकोनातून" असं काहीसं सुचवलं तर त्या चष्म्यावरून पाहायच्या आणि विचारायच्या, "म्हणजे काय हवंय? जमीन हवीय ना? मग जमीन म्हणा." सह्यांचा क्रम कसा लावायचा यावर पुन्हा कुजबुज सुरू झाली, तर म्हणाल्या, रांगेसारखा, जो आधी आला तो आधी. पहिली सही पडली बसने सगळ्यांत आधी येऊन बसलेल्या खेळणीवाल्या म्हाताऱ्याची. शेवटच्या तारखेपर्यंत चारशे बारा सह्या झाल्या.

मग जनसुनावणी. नगरपालिकेचं सभागृह, उंच खिडक्या, मधे लांब टेबल. प्रत्येकाला तीन मिनिटं. आमचे सात जण बोलणार होते, आणि ठरलं होतं तसं, कोणीही स्वतःच्या कलेबद्दल नाही.

कुंभारीणबाई नाचाच्या जमिनीबद्दल बोलली. माइक इतका लांब धरला होता की ती तशीच मोठ्याने बोलली, आणि ते बरंच झालं. नृत्यशिक्षिका भट्टीबद्दल बोलल्या. तीन वेळा भट्टीला "ओव्हन" म्हणाल्या आणि तिन्ही वेळा मागून कुंभारीणबाईने "भट्टी!" असं बजावलं. चौथ्यांदा अख्ख्या सभागृहाने बजावलं. मास्तर धाकट्यांसाठी बोलले, धाकटे गावांतल्या बाहुलीवाल्यांसाठी.

टेबलाच्या मध्यभागी बसलेल्या सभापतीबाईंनी शेवटी पेन खाली ठेवलं. "मला एक कळत नाही. आज प्रत्येकजण दुसऱ्याचंच बोलतोय. स्वतःचं कोण बोलणार?"

मागच्या रांगेतून ताई उभ्या राहिल्या. त्यांना बोलायचं नव्हतं, हातात पिशवी तशीच होती. "बाई, प्रत्येकाचं स्वतःचं तुमच्याकडे आधीच आलंय. अठरा पत्रं आहेत. ती फायलीत राहिली तरी चालतील. हे एकच वाचा. यात कोणी स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, आणि तरी सगळ्यांचं आलंय."

सभापतीबाईंनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. साहेबांची सर्दी अजून गेली नव्हती. ते उठले आणि म्हणाले, "माझी शिफारस या पत्राच्या बाजूने आहे." एवढंच वाक्य. पण नोकरीतल्या माणसाने असं सगळ्यांसमोर उठून म्हणणं किती कठीण असतं, ते ताईंना कळलं. त्यांनी तिथेच हात जोडले.

पाच आठवड्यांनी धोरण मंजूर झालं. या वेळी एक्कावन्न पानं. ताई पुन्हा पेन्सिल घेऊन बसल्या. "कलाकार" त्रेसष्ट वेळा. "कारंजं" तेवढंच, एकोणीस. "असू दे," म्हणाल्या. दिवे लागल्यावर बघून आल्या आणि कबूल केलं की छान दिसतं.

सगळं मिळालं असं नाही. अकरा जणांचं सांस्कृतिक मंडळ झालं, त्यात सात जण कलाकारांनी निवडलेले, सातांतले तीन गावांतले. नाट्यगृह दुपारी तालमींसाठी खुलं झालं. रस्त्यावरच्या प्रयोगांची परवानगी तीनऐवजी एका ठिकाणी आली. नृत्यवर्गाला लाकडी जमीन मिळाली. पहिल्या दिवशी शिक्षिकेने मुलींना नाचवलंच नाही, नुसतं चालायला लावलं. पण भट्टी राहिली. "पुढील टप्प्यात विचार करण्यात येईल," एवढी एक ओळ. ताईंनी तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

मंडळावर या म्हणून सगळे त्यांच्या मागे लागले. मास्तर तर घरी जाऊन बसले. त्या नाहीच म्हणाल्या. "मी गात नाही, नाचत नाही, चित्र काढत नाही. सातांतली एक जागा मी अडवू? हवं तर बैठकांचं इतिवृत्त लिहीन." अजूनही त्याच लिहितात, आणि लाल पेनाच्या परवानगीशिवाय ते पुढे जात नाही.

मग त्यांनी आभाराची पत्रं लिहायला घेतली. छापील नाहीत, हाताने. मसुदा काढून देणारा तो कारकून, दोन मिनिटं थांबणारे बसचालक, साहेब, सभापतीबाई, बोललेले सातही जण, बोलायचं होतं पण वेळ संपला ते, भांडून गेलेले आणि परत आलेले. नव्वदच्या वर पत्रं. नणंदबाई कुरकुरल्या, "आभार मानून मानून हिचा हात गळून पडेल," आणि पाकिटं चिकटवत राहिल्या. साहेबांनी आपलं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, मी पाहिलंय. माझ्या पत्रात लिहिलं होतं: "तुझ्या दुकानात चाळीस माणसं वीस मिनिटं भांडली आणि एकही वाद्य फुटलं नाही, त्याबद्दल आभार. तू दोन दिवस दुकान बंद ठेवलंस त्याबद्दल जास्त." मी ते दोनदा वाचलं, आणि त्या दिवशी एकाही खुंटीला नीट हात लागला नाही.

कुंभारीणबाईचं पत्र माझ्याच हाती दिलं. तिच्या गावी टपाल आठवड्यातून एकदा जायचं, आणि मला शेजारच्याच वस्तीवर बँडचा एक भोंगा पोचवायचा होता. मी गेलो तेव्हा ती चाकावर बसलेली, कोपरापर्यंत चिखल.

"हात ओले आहेत. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. ताईंनी लिहिलं होतं की तुमच्यामुळे आम्हाला वाट सापडली, आणि तुमचंच काम राहिलं, याची मला लाज वाटते. मुलींच्या पायाखाली लाकूड आलं ते तुमच्यामुळे. भट्टीचं मी विसरलेली नाही.

चाक फिरत राहिलं होतं. तिने ते पायाने थांबवलं.

"जमलं नाही म्हणून कोणी पत्र लिहितं होय?" ती म्हणाली. "काय बाई आहे!" मग कोपराने केस मागे सारून तिने घराकडे हाक दिली, नातीने पाण्याचा तांब्या आणला. मुलगी उंबऱ्यावरून दोन पायांवर उडी मारून खाली आली, गुडघे अगदी ठणठणीत. बाईने हात धुतले, पदराला पुसले, पत्र माझ्याकडून घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं.

"बसा, चहा ठेवते. आणि त्यांना सांगा, मंडळाची बैठक कधी आहे ते कळवा. मी सकाळची पहिली गाडी धरून येते. सांस्कृतिक साहेबांना म्हणावं, बोलायला मला तीन मिनिटं पुरतात."